खर्जाची सत्तर वर्षं
जुना सबवूफर उघडला की एक गोष्ट लगेच ध्यानात येते: त्यातलं मोलाचं असतं ते टिकतं, नासतं ते स्वस्तातलं. चौकट, मॅग्नेट, लाकडी पेटी वर्षानुवर्षं तशीच राहते. कोनाच्या, म्हणजे हलून आवाज काढणाऱ्या शंकूच्या, कडेच्या पॉलियुरेथेन फोमचा मात्र दमट हवेनं आणि ऑक्सिजननं दहा-पंधरा वर्षांत चुरा होतो. तरीही अख्खं यंत्र भंगारात जातं. ही उधळपट्टी तांत्रिकदृष्ट्या अटळ नव्हती, हे गेल्या सत्तर वर्षांच्या इतिहासातूनच दिसतं.

1954 साली अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये एडगर व्हिलचर आणि हेन्री क्लॉस यांनी अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली. तोवर खोल खर्जासाठी भलीमोठी पेटी लागे. व्हिलचरनी कोन मुद्दाम सैल टांगला आणि बंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंगचं काम दिलं. सैल टांगणीसाठी पुढे मऊ, हलका फोम सोयीचा ठरला आणि सडण्याची बीजं तिथेच पडली. पण दुरुस्तीची वाटही त्याच काळात मोकळी झाली. 1961 मध्ये ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी आणि सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी स्पीकरचं वागणं मोजक्या आकड्यांत बसवलं. जोडकाम बरं झालं की नाही हे तेव्हापासून कानाच्या भरवशावर सोडावं लागत नाही. सिग्नल जनरेटर, एक रेझिस्टर आणि मल्टिमीटर एवढ्यावर त्यातला एक आकडा, कोनाची अनुनाद वारंवारता, काढता येते.

‘सुटे भाग घातले की मूळ आवाज गेला’ हा आक्षेप जुना आहे आणि गंभीरही. त्याचं उत्तर पेटीगणिक बदलतं. बंद पेटीत एकूण ताठरपणाचा 80 टक्के वाटा हवेचा असेल, तर नवी कड 20 टक्के ताठ निघाली तरी एकूण ताठरपणा 4 टक्के आणि वारंवारता जेमतेम 2 टक्के वाढते. हवेसाठी भोक ठेवलेल्या पेटीत इतकी सवलत नसते. तिथे कोन आणि पेटी यांचं गणित एकमेकांना बांधलेलं असतं. वजनाच्या बाबतीत तर बंद पेटीही सांभाळून घेत नाही, म्हणून फोमच्या जागी टिकाऊ म्हणून जाड रबर बसवणं मला पटत नाही. कोन हलवणारी कॉइल जळाली तर ती बदलताना तारेचे थर आणि उंची मूळचीच हवी, नुसते ओहम जुळून भागत नाही.

‘नवा घेतलेला परवडतो’ हे पुष्कळदा खरं आहे. पण त्या हिशोबात चांगल्या मॅग्नेटची आणि भक्कम पेटीची किंमत शून्य धरलेली असते. खरी अडचण नव्वदच्या दशकानंतरची आहे. होम थिएटरबरोबर ॲम्प्लिफायर पेटीतच आला. त्याचे सुकलेले कपॅसिटर बदलता येतात, बोर्डच गेला तर बाजारातला दुसरा बसवता येतो. पण मूळ बोर्डात त्या कोनासाठी बेतलेली खर्जाची उचल आणि मर्यादा असे, ती त्याच्याबरोबर जाते. निर्मात्यानं ते आकडे छापले असते, तर तीही पुन्हा बसवता आली असती.