मुलगी वयात येण्यापूर्वी

रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूडच्या कर्वे घराण्यातील रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून शरीरधर्माविषयी मराठीत शास्त्रशुद्ध लिहिण्याचा पायंडा पाडला. तरीही कित्येक घरांत मुलीला ऋतुप्राप्तीची हकीकत पहिला स्राव झाल्यानंतरच, आणि तीही 'कावळा शिवला' एवढ्याच शब्दांत कळावी, ही खेदाची गोष्ट आहे.

वस्तुतः साधारण आठ ते तेरा वर्षांच्या दरम्यान मेंदूच्या प्रेरणेने अंडाशये कार्यरत होतात, प्रथम स्तनांची वाढ सुरू होते, उंची झपाट्याने वाढते, आणि त्यानंतर सुमारे दोन-अडीच वर्षांनी गर्भाशयाचे आतील अस्तर रक्तासह गळून बाहेर पडू लागते. यात विटाळाचे काहीही नाही. स्राव दोन ते सात दिवस राहणे आणि आरंभीची दोन-तीन वर्षे पाळी अनियमित असणे स्वाभाविक आहे.

पॅड किंवा कापड चार ते सहा तासांनी बदलावे. कोकणातील दमट पावसाळ्यात लाजेपोटी कापड अडगळीत वाळत घालण्याची चाल सोडून ते साबणाने स्वच्छ धुवावे, उन्हात अथवा हवेशीर जागी पूर्ण वाळवावे. पंधराव्या वर्षापर्यंत पाळी न आल्यास, स्राव सात दिवसांहून अधिक लांबल्यास किंवा तासातासाला पॅड भिजू लागल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात जाण्यास विलंब करू नये.

हे सारे आईने, आणि शिक्षिकांनीही, मुलीच्या नवव्या-दहाव्या वर्षीच प्रसन्न मनाने सांगावे. कारण पूर्वज्ञान असलेल्या मुलीला रक्त पाहून भय वाटत नाही.