चावी सुरक्षित, पण खिडकी बंद!

समजा सकाळच्या गर्दीत तुम्ही वसई रोड स्टेशनवर तिकिटाच्या लाइनीत उभे आहात. पुढच्या माणसाने अस्तित्वातच नसलेल्या स्टेशनचं तिकीट मागितलं आणि क्लार्क ते नाव शोधतच बसला. गल्ल्यातला एक रुपयाही गेला नाही, पण मागे कोणालाच तिकीट मिळत नाही. डिनायल ऑफ सर्व्हिस म्हणजे हेच.

ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीत अशीच एक चूक गूगलच्या टॅव्हिस ऑर्मंडी यांना सापडली. १५ मार्च २०२२ रोजी तिची दुरुस्ती आली. क्रमांक सीव्हीई-२०२२-०७७८.

चूक नेमकी कुठे होती? सर्टिफिकेटमध्ये एलिप्टिक कर्व्हवरचा बिंदू कधी कधी आखडून लिहितात: फक्त 'क्ष' आणि एक बिट. 'य' काढायला मॉड्युलर वर्गमूळ लागतं. त्यासाठी टोनेली-शँक्स अल्गोरिदम वापरतात. यात एक आकडा पुन्हा पुन्हा वर्ग करत १ येण्याची वाट बघितली जाते. मॉड्युलस मूळ संख्या असेल तर १ येतोच. नसेल तर? वहीवर करून बघा: मॉड्युलस १५, आकडा ६. सहाचा वर्ग ३६, बाकी ६. पुन्हा वर्ग, पुन्हा ६. एक कधीच येणार नाही.

लूप थांबवायला अट होती, पण ती 'मोजणी मर्यादेइतकी झाली का?' एवढंच विचारायची. काही वेळा मर्यादाच १ व्हायची आणि पहिल्या तपासणीलाच मोजणी २ असायची. मग दोन्ही कधीच जुळत नसत. दुरुस्तीत 'मर्यादेपेक्षा लहान आहे तोवरच फिर' अशी अट आली.

खरी गंमत पुढे आहे. सर्टिफिकेट वाचण्याचं हे काम त्यावरची सही तपासण्याआधी होतं. म्हणजे हल्लेखोराला खरं सर्टिफिकेट लागतच नाही, मुद्दाम बिघडवलेलं पुरतं. क्लायंटकडून सर्टिफिकेट घेणारा सर्व्हर त्यात अडकतो आणि फसव्या सर्व्हरला जोडलेला क्लायंटसुद्धा.

रिसर्चला येताना आपण 'गुपित फुटलं का?' एवढंच विचारतो. इथे एकही चावी फुटली नाही, तरी ओपनएसएसएलने या चुकीला 'हाय' दर्जा दिला. सेवा चालू राहणं हाही सुरक्षेचाच भाग आहे.

म्हणून पुढचा पेपर वाचताना 'समजा प मूळ संख्या आहे' असं दिसलं की पेन्सिलने खूण करा आणि बाजूला लिहा: हे तपासतंय कोण, आणि कधी?