एका बोंबलाचे सात अलंकार

दहावीच्या मराठीत अलंकारांना गुण मोजकेच, म्हणून मुलांनी त्यावर तोडगाही झटपट काढलेला असतो. सम, समान, सारखा, वाणी दिसलं की उपमा. जणू, गमे, वाटे, भासे दिसलं की उत्प्रेक्षा. बोईसरला संध्याकाळी माझ्याकडे मराठीला येणाऱ्या मुलांची भिस्तही याच यादीवर. फळ्यावर ‘पाऊस सारखा पडतोय’ लिहिलं की निम्मा वर्ग ‘उपमा’ म्हणून मोकळा होतो.

दुसरा घोळ उदाहरणांचा. गाईडमध्ये मुख एक तर कमळासारखं, नाहीतर चंद्रासारखं. वर्गातल्या काहींच्या घरी तारापूर एमआयडीसीतल्या पाळ्यांवर दिवस ठरतो. कुणाच्या घरी हिंदी, कुणाच्या वारली, किनाऱ्याकडच्यांच्या घरी मांगेली. कमळाशी कुणाचंच देणंघेणं नाही. म्हणून उपमानं त्यांच्याकडूनच मागवली. कारखान्याच्या धुराड्यापासून डहाणू लोकलच्या दारापर्यंत बरंच काही आलं. त्यातलं मुरब्याच्या एका मुलीचं वाक्य फळ्यावर घेतलं: ‘आईचे हात सुक्या बोंबलासारखे खरखरीत आहेत.’

उपमेचे चारही भाग हजर. हात उपमेय, बोंबील उपमान, ‘खरखरीत’ हा साधारण धर्म, ‘सारखे’ साम्यवाचक शब्द. हे सगळ्यांनी धडाधड सांगितलं. मग मी ‘खरखरीत’ पुसून टाकलं. आता हात कशात बोंबलासारखे? मागच्या बाकावरून ‘वासात!’ असं आलं आणि हशा पिकला. एकजण म्हणाला, काटकुळे. दुसरा म्हणाला, खारट. त्यावर मुरब्याची मुलगी उसळली, “बोंबलाला मीठ नाही लावत, नुसता उन्हात सुकवतात!” असा एखादा भाग गाळला की ती लुप्तोपमा. परीक्षेपुरती पूर्णोपमा बरी, पण वाचणाऱ्याला कामाला लावते ती लुप्तोपमाच, असं माझं मत.

पुढचा तास त्याच वाक्यावर गेला. ‘आईचे हात जणू सुके बोंबीलच’ झाली उत्प्रेक्षा. ‘आईचे हात म्हणजे सुके बोंबील’ हे रूपक. म्हणजे ‘जणू’ काढला की रूपक का, असं एकाने विचारलं. प्रश्न नेमका होता. ‘जणू’ म्हणणाऱ्याला आपण कल्पना करतोय याचं भान असतं. रूपकात हात आणि बोंबील एकच होऊन जातात. ‘हे हात नव्हेत, सुके बोंबीलच’ ही अपन्हुती, ‘बोंबलाहूनही खरखरीत’ हा व्यतिरेक, ‘हे हात की बोंबील?’ हा ससंदेह. ‘आईचे हात आईच्याच हातांसारखे’ म्हटलं की अनन्वय, पण त्यात बोंबीलच गायब, म्हणून पोरांनी तो मोजला नाही. सोळाव्या शतकात अप्पय्य दीक्षितांनी ‘चित्रमीमांसे’त उपमेला वेगवेगळ्या भूमिका घेऊन काव्याच्या रंगमंचावर वावरणारी नटी म्हटलंय. ही कल्पना मला कुठल्याही व्याख्येपेक्षा उपयोगी वाटते, कारण सोंगं बदलत गेली की मुलांना पाठांतर लागत नाही. आधीच्या वाक्यात काय हललं तेवढंच पाहायचं.

सातवं सोंग भ्रांतिमान. मी लिहिलं, ‘बोंबील समजून मांजराने आईच्या हातावर झडप घातली.’ सगळे खूश. मुलगी मात्र म्हणाली, “पण सर, मांजर खरंच येतं. बोंबील निवडून झाले की आईच्या हाताला वास असतो ना.”

अडचण रास्त होती. भ्रांतिमानात दोन वस्तूंच्या साम्यामुळे भ्रम व्हावा लागतो, आणि तोही कवीने कल्पिलेला. वासाच्या मागावर आलेल्या मांजराला कसला भ्रम? मग ही स्वभावोक्ती म्हणायची, जे आहे त्याचं हुबेहूब वर्णन. पण तिथेही भांडण जुनंच आहे. ‘वक्रोक्तिजीवित’ लिहिणाऱ्या कुंतकाला स्वभावोक्ती अलंकार म्हणून मुळीच मान्य नव्हती; वस्तूचा स्वभाव हाच दागिना मानला तर तो घालायचा कुणाला, असा त्याचा सवाल. हे मी सांगितलं तेव्हा अर्ध्या वर्गाने दप्तरं भरायला घेतली होती. बोर्डाला विचारायचं नसलेलं त्यांना लगेच कळतं. मुलीने वहीत मांजर तसंच ठेवलं, ‘बोंबील समजून’ एवढं खोडलं, आणि समोर स्वभावोक्ती लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं.