सत्तेचाळीस दिवसांची फाइल

कॅनडाच्या व्हिजिटर व्हिसाचं स्टिकर अनेकदा पासपोर्टची मुदत संपेपर्यंतचं मिळतं. त्यावर २०२९ सालची तारीख दिसली की माणूस धरून चालतो, तोवर राहायला हरकत नाही. ती तारीख फक्त कॅनडाच्या दारापर्यंत येण्याची असते. आत किती दिवस राहायचं ते दारातला अधिकारी ठरवतो, आणि त्याने वेगळी तारीख लिहून दिली नाही तर कायद्याने आत आल्या दिवसापासून सहा महिने. टोरंटोच्या पिअर्सन विमानतळावर आता यंत्रासमोर उभं राहायचं, फोटो काढायचा, पावती घ्यायची. शिक्का पडेलच असं नाही. म्हणजे मुदत पासपोर्टात कुठेच लिहिलेली नसते आणि तरी ती संपते.

पुण्यात मी जिथे फाइली बांधते, त्या ऑफिसचे परवानाधारक सल्लागार कॅनडातल्या मिसिसागात बसतात आणि आम्ही तिघीजणी इकडे कागद जुळवतो. ओव्हरस्टेची, म्हणजे मुदत संपूनही राहिलेल्यांची, फाइल आली की बाकीच्या दोघी ती माझ्याकडे सरकवतात. निफाड तालुक्यातल्या एका मुलीची फाइल अशीच आली. (तिच्या परवानगीने लिहितेय, तालुका बदललाय.) पहिला फोन वडिलांचा होता आणि त्यांचं पहिलंच वाक्य होतं, "मॅडम, आमच्या पोरीला कॅनडानं डिपोर्ट केलं होतं."

केलं नव्हतं. बी.कॉम. झाल्यावर ती ९ एप्रिल २०२२ रोजी ब्रॅम्प्टनला मावशीकडे उतरली. मावसबहिणीचं बाळंतपण होतं. बाळ आठव्या महिन्यातच आलं, बरेच दिवस काचेच्या पेटीत राहिलं, घरात कोणाचं लक्ष कॅलेंडरकडे असणार? ९ ऑक्टोबरला सहा महिने भरले. नोव्हेंबरात ओळखीच्या एका बाईंनी सहज विचारलं, "एक्स्टेन्शन टाकलंस ना?" तेव्हा घरात धावपळ झाली आणि २५ नोव्हेंबरच्या विमानात तिला बसवून दिलं. ऑक्टोबरातल्या त्या तारखेआधी शंभर डॉलर भरून मुदतवाढीचा अर्ज टाकला असता, तर निर्णय येईपर्यंतचं तिचं राहणं पूर्ण कायदेशीर ठरलं असतं. मुदत संपल्यावरही नव्वद दिवसांच्या आत दर्जा परत मिळवण्याचा अर्ज करता येतो. तिने तोही केला नाही, सरळ निघून आली.

स्वतःहून निघून आलेल्या माणसाविरुद्ध सहसा कसलाच आदेश निघालेला नसतो, आणि हा फरक फार मोठा आहे. कॅनडातून घालवून देण्याचे आदेश तीन प्रकारचे. डिपार्चर ऑर्डर मिळाली तर तीस दिवसांत निघायचं आणि निघाल्याची नोंद करून घ्यायची, नाहीतर तिचं आपोआप डिपोर्टेशनमध्ये रूपांतर होतं. एक्स्क्लूजन ऑर्डर साधारणपणे एक वर्षासाठी दार बंद करते, खोटेपणामुळे निघाली असेल तर पाच. डिपोर्टेशन मात्र कायमचं. परत जायचं तर आधी वेगळी परवानगी मागावी लागते. या मुलीकडे यातलं काहीच नव्हतं. वडिलांना हे समजावायला एक अख्खा फोन गेला, आणि शेवटी ते म्हणाले, "म्हणजे गावात तीन वर्षं आम्ही उगाच तोंड लपवतोय?"

तरी फाइल सोपी नव्हती, कारण तिच्यावर एक नकार बसलेला होता. २०२४च्या शेवटी नाशिकच्या एका एजंटाने तिचा स्टडी परमिटचा अर्ज टाकला होता. फॉर्ममध्ये पार्श्वभूमीचे प्रश्न असतात. त्यातला एक असा: कॅनडात मुदतीपलीकडे राहिलात का, परवानगीशिवाय शिकलात का, परवानगीशिवाय काम केलंत का? तिन्ही गोष्टी एकाच प्रश्नात आणि उत्तराला एकच चौकोन. एजंटाने 'होय'वर खूण केली, हे त्याचं पुण्य. खाली तपशिलाच्या जागेत लिहिलं, 'कौटुंबिक कारण'. बस्स.

आता टेबलापलीकडे बसून हे वाचून पाहा. या मुलीने काय केलं? राहिली, की हॉटेलात भांडी घासली, की वर्गात जाऊन बसली? किती दिवस? दोन की दोनशे? चौकोनात 'होय' आहे, म्हणजे तिन्ही असू शकतं. नकाराचं पत्र ठरावीक छापाचं आलं: मुदत संपल्यावर तुम्ही कॅनडा सोडाल याची नियम २१६ प्रमाणे खात्री पटत नाही.

त्या पत्रावरून काहीच कळत नाही, म्हणून आम्ही आधी नोट्स मागवल्या. इमिग्रेशन खात्याच्या संगणकात प्रत्येक अर्जावर अधिकाऱ्याने टिपण लिहिलेलं असतं. माहितीच्या कायद्याखाली पाच डॉलर भरून ते मागता येतं, फक्त मागणारा कॅनडात असावा लागतो, नाहीतर कॅनडाचा नागरिक किंवा कायमचा रहिवासी. मावशीने मुलीच्या संमतीपत्रासह अर्ज केला. कायद्यात तीस दिवसांची मुदत आहे. वाट जास्तही पाहावी लागते. आलेल्या गठ्ठ्यात कामाच्या ओळी मोजक्याच होत्या. त्यांचा मथितार्थ असा, की आधीचा ओव्हरस्टे आहे, त्याचा खुलासा पुरेसा नाही, आणि आता हाच अभ्यासक्रम का, हे पटत नाही. ओव्हरस्टे केला म्हणून नाकारतो असं त्यात नव्हतं. खुलासा नाही, असं होतं.

माझं काम इथून सुरू होतं आणि ते बरंचसं तलाठ्याच्या दप्तरासारखं आहे: नोंदीला नोंद लागली पाहिजे. पहिला प्रश्न दिवसांचा. वडील म्हणत होते एकोणपन्नास, मुलगी म्हणत होती 'दीडेक महिना'. वडिलांनी मुंबई विमानतळाच्या शिक्क्यावरून मोजले होते, तो २७ नोव्हेंबरचा. कॅनडातून बाहेर पडताना पासपोर्ट तपासायला इमिग्रेशनचा काउंटरच नसतो. सामानाची तपासणी झाली की थेट विमान. त्यामुळे निघाल्याचा शिक्का मिळत नाही आणि लोक भारतातल्या शिक्क्यावर भागवतात. पण मधल्या थांब्यात आणि घड्याळाच्या फरकात दोन दिवस गेलेले असतात. जून २०२० पासून विमान कंपन्या कॅनडाच्या सीमा सेवेला निघालेल्या प्रवाशांची माहिती देतात. म्हणजे त्यांच्या दप्तरात २५ आणि आपल्या पत्रात २७, असा घोळ स्वतःच्या हाताने घालायचा. मुलीच्या जुन्या ई-मेलमध्ये ई-तिकीट सापडलं. मावशीमार्फत सीमा सेवेकडून प्रवासाची नोंदही मागवली. दोन्हीकडे २५. सत्तेचाळीस दिवस, एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

मग पत्र. पहिला मसुदा वडिलांनी एका निवृत्त मुख्याध्यापकांकडून लिहून आणला होता. अडीच पानं. त्यात कॅनडाची महानता होती, घराण्याचे संस्कार होते, क्षमेची याचना होती, आणि ४७ हा आकडा कुठेच नव्हता. मी काटछाट करायला लागले तसे ते अस्वस्थ झाले. "मॅडम, चूक झालीये ना? मग हात जोडायला काय जातंय?"

"जागा जाते, काका," मी म्हटलं.

हे मी उद्धटपणाने म्हटलं नव्हतं. अर्ज वाचणारा अधिकारी दिवसभर अर्जच वाचत असतो. २०१८ पासून त्यांच्याकडे 'चिनूक' नावाचं एक्सेलवर उभारलेलं साधन आहे. त्यात अर्जदारांची माहिती ओळीओळींनी समोर येते. अशा माणसाला याचनेचं पहिलं पान ओलांडून दुसऱ्या पानावर तारीख शोधायला लावणं हा अर्जदाराचाच तोटा. पश्चात्ताप खरा असेल, पण तो पडताळता येत नाही. तिकीट पडताळता येतं.

शेवटी एक पान झालं. आत आल्याची तारीख, सहा महिने संपल्याची तारीख, निघाल्याची तारीख. स्टिकरवरची तारीख हीच राहण्याची मुदत असा समज झाला होता, हे एका वाक्यात. त्या एका चौकोनातल्या तीन गोष्टी सुट्या केल्या: राहिले, होय, शिकले नाही, काम केलं नाही. मावसबहिणीचं हॉस्पिटलचं डिस्चार्ज पत्र, बाळाचा जन्मदाखला, राहण्या-जेवण्याचा खर्च आपण केल्याचं मावशीचं पत्र. कोणताही आदेश निघाला नाही, चूक कळल्यावर किती दिवसांत तिकीट काढलं, तेही. माफी आहे, शेवटच्या ओळीत आहे. काकांसाठी ठेवली.

परतीची खात्री हा भाग मात्र पत्राने होत नाही. आपल्याकडच्या फाइलींत सातबारा, सोन्याच्या मूल्यांकनाचं प्रमाणपत्र आणि सीएने दिलेला संपत्तीचा दाखला, हे तिघं ठरलेले असतात. या फाइलीतही होते. द्राक्षबाग आजोबांच्या नावावर, मुलीला त्यातली छाटणीही येत नाही. त्या सातबाऱ्यावरून ती परत येईल हे कोणी कसं ठरवावं? मला जास्त जोर वाटला तो २०२३ पासूनच्या तिच्या नोकरीत. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका कारखान्याच्या डिस्पॅच विभागात ती गाड्या लावण्याचं काम करते. पगाराच्या स्लिपा, पीएफचं पासबुक, फॉर्म १६. शिवाय मधे कंपनीच्या सहलीने दुबईला जाऊन वेळेत परत आल्याचे शिक्के. अभ्यासक्रम सप्लाय चेनचा आहे, हे तिच्या रोजच्या कामातून सांगता आलं. एजंटाने पहिल्या अर्जात नोकरीचा उल्लेख एका ओळीत उरकला होता.

कॅनडाच्या कायद्यात पुढे कायमचं राहण्याची इच्छा असणं गुन्हा नाही. अट एवढीच, की परवानगी संपली तर निघाल हे पटलं पाहिजे. आणि जी आधी एकदा निघाली नाही, तिने ते कसं पटवायचं हाच या फाइलीतला गाठीचा मुद्दा. माझं मत असं, की ती उशिरा का होईना, कोणी हाकलल्याशिवाय निघाली, हीच तिच्या बाजूची सर्वांत मोठी गोष्ट होती. पहिल्या अर्जात तीच कुठे लिहिलेली नव्हती.

बाकीचं चाकोरीतलं. २२ जानेवारी २०२४ पासून कॅनडाने विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली, त्यामुळे प्रांताचं अटेस्टेशन पत्र लागतं. भारतीयांना झटपट वाटणारी स्टडी परमिटची एसडीएस योजना ८ नोव्हेंबर २०२४ रोजी बंद झाली. राहण्याच्या खर्चासाठी दाखवायची रक्कम, जी २०२३ अखेरपर्यंत १० हजार डॉलर होती, ती १ सप्टेंबर २०२५ पासून २२ हजार ८९५ झाली आहे. फी दीडशे डॉलर. बोटांचे ठसे तिला पुन्हा द्यावे लागले नाहीत, व्हिजिटर व्हिसाच्या वेळचे दहा वर्षं चालतात.

ते ठसे आणि त्यासोबतचा ग्राहक क्रमांक, यांमुळे जुनं आणि नवं दप्तर आपोआप एकत्र येतं. तरीही लपवायचा सल्ला देणारे भेटतात. कोल्हापूरकडचा एक मुलगा अमेरिकेत मामाकडे गेला आणि आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवरच्या तारखेनंतर पाच आठवडे राहिला. अमेरिकेत तीन वर्षांची बंदी १८० दिवसांवर राहिल्यास लागते आणि दहा वर्षांची एक वर्ष किंवा जास्त राहिल्यास, तेव्हा तो दोन्हींतून सुटला. मात्र एक दिवस जरी जास्त राहिलं तरी हातातला व्हिसा रद्द ठरतो. त्याने नवा मागितला, तो नाकारला गेला. कॅनडाचा फॉर्म अमेरिकेतल्या ओव्हरस्टेबद्दल थेट विचारत नाही, पण कोणत्याही देशाने व्हिसा नाकारला का, हे विचारतो. एजंट म्हणाला, "कुणाला कळतंय?" आणि 'नाही'वर खूण केली. अमेरिका आणि कॅनडा अशी माहिती एकमेकांना देतात. खुलासा मागणारं पत्र आलं, मग खोट्या माहितीखाली पाच वर्षांची बंदी. नोव्हेंबर २०१४ च्या आधी ती दोन वर्षांची होती. पाच आठवड्यांचा खुलासा एका परिच्छेदात मावला असता.

निफाडच्या मुलीला परमिट मंजूर झालं. मंजुरीच्या पत्रात कारण लिहीत नाहीत. त्यामुळे कोणत्या कागदाने काम केलं यावर आमच्या ऑफिसात अजून एकमत नाही. शेजारची म्हणते पीएफचं पासबुक, मिसिसागाचे साहेब म्हणतात २५ नोव्हेंबरचं तिकीट, आणि काका ठामपणे म्हणतात शेवटची ओळ. पाच डॉलर भरून मंजुरीच्याही नोट्स मागवता येतात. मी मुलीला तसं सुचवलं. ती बॅगेचं वजन करत होती, म्हणाली, "मॅडम, आता कशाला?"