कर्णबधिरांच्या शिक्षकाचे प्रशिक्षण आणि परतूरची मराठी

परतूर हे जालना जिल्ह्यातील तालुक्याचे गाव निजामाच्या राजवटीत टाकलेल्या मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावर आहे, आणि कर्णबधिर मुलांचा शिक्षक होऊ पाहणाऱ्या पदवीधराच्या दृष्टीने या मार्गाची दोन्ही टोके महत्त्वाची आहेत. कारण मनमाडवरून पुढे गेल्यावर जी मुंबई लागते तेथे या प्रशिक्षणाची देशातील प्रमुख संस्था आहे आणि दुसऱ्या टोकाला सिकंदराबाद येथे तिचेच प्रादेशिक केंद्र आहे. वांद्रे येथील ही संस्था ९ ऑगस्ट १९८३ रोजी केंद्र सरकारने स्थापन केली आणि तिला अली यावर जंग यांचे नाव दिले. ते १९७० पासून महाराष्ट्राचे राज्यपाल होते व १९७६ साली त्या पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. त्यापूर्वी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरुपदही त्यांनी भूषविले होते, म्हणजे ज्या जुन्या हैदराबाद संस्थानात परतूर होते त्याच संस्थानाच्या विद्यापीठाशी त्यांचा निकटचा संबंध होता. संस्थेचे आजचे पूर्ण नाव अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था असे आहे. श्रवणतज्ज्ञ, वाचातज्ज्ञ आणि कर्णबधिरांचे शिक्षक हे तिन्ही व्यावसायिक तेथे एकाच आवारात घडतात, ही तिची मोठी जमेची बाजू मानली पाहिजे.

कर्णबधिरांना शिकविण्याची पात्रता आज कायद्याने ठरलेली आहे. भारतीय पुनर्वास परिषद ही संस्था १९८६ मध्ये नोंदणीकृत मंडळ म्हणून सुरू झाली, १९९२ च्या अधिनियमाने तिला वैधानिक अधिकार मिळाले, आणि तेव्हापासून या क्षेत्रातील अभ्यासक्रम ठरविणे, महाविद्यालयांना मान्यता देणे व उत्तीर्ण शिक्षकांची केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नोंद ठेवणे ही कामे तिच्याकडे आली. ही नोंदणी एकदा करून संपत नाही. ठरावीक मुदतीनंतर ती नूतनीकृत करावी लागते आणि त्यासाठी मधल्या काळात मान्यताप्राप्त कार्यशाळांना हजर राहून गुण मिळवावे लागतात. बारावीनंतर करता येणारी विशेष शिक्षणाची पदविका वेगळी आणि पदवीनंतरची विशेष बी.एड. वेगळी. ही पदवी पूर्वी एका वर्षाची होती. २०१५ च्या अभ्यासक्रमाने ती दोन वर्षांची, ८० श्रेयांकांची आणि सुमारे २००० तासांची केली. सर्व शिक्षकांना लागणारे सामान्य विषय, इतर अपंगत्वांची ओळख, निवडलेल्या अपंगत्वाचे विशेष विषय आणि प्रत्यक्ष काम असे तिचे घटक आहेत.

विशेष विषयांची सुरुवात कानापासून होते. प्रशिक्षणार्थ्याला प्रथम श्रवणालेख वाचता यावा लागतो. श्रवणालेख म्हणजे ज्या आलेखावर आडव्या अक्षात ध्वनीची वारंवारता हर्ट्झमध्ये आणि उभ्या अक्षात त्याची तीव्रता डेसिबलमध्ये मांडलेली असते, आणि मुलाला कोणत्या वारंवारतेचा ध्वनी किती मोठा केल्यावर प्रथम ऐकू येतो हे ज्यावर नोंदलेले असते तो कागद. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दोन्ही कानांत बोलण्याच्या वारंवारतांवर ७० डेसिबल वा त्याहून अधिक हानी असलेल्या व्यक्तीला बधिर आणि ६० ते ७० डेसिबल हानी असलेल्या व्यक्तीला ऐकू कमी येणारी असे म्हटले आहे. पण शिक्षकाला या आकड्यावर थांबून चालत नाही, कारण एकच सरासरी असलेल्या दोन मुलांपैकी एकाला खालच्या वारंवारतेचा ‘म’ ऐकू येत असतो आणि वरच्या वारंवारतेचा ‘स’ अजिबात येत नसतो, तर दुसऱ्याला दोन्ही थोडेथोडे येत असतात. यासाठी डॅनियल लिंग यांच्या नावाने ओळखली जाणारी सहा ध्वनींची चाचणी रोज सकाळी वर्गात घ्यायची असते. शिक्षक आपले ओठ झाकून आ, ई, ऊ, म, श आणि स हे ध्वनी उच्चारतो आणि मूल ऐकल्याची खूण करते. तीव्रतेच्या व वारंवारतेच्या ज्या पट्ट्यात माणसाचे बोलणे सामावते तो बहुतेक सगळा पट्टा या सहा ध्वनींत येत असल्यामुळे, श्रवणयंत्राची बॅटरी संपली आहे की कानातला साचा सैल झाला आहे याचा सुगावा दोन मिनिटांत लागतो. चाचणी साधी दिसते, पण ती न घेता सुरू झालेला पाठ मुलापर्यंत पोहोचलाच नाही हे कित्येकदा महिनाभर कोणाच्या लक्षात येत नाही.

श्रवणयंत्र लावले म्हणजे चष्म्याप्रमाणे दोष दूर झाला, असा समज पालकांत आणि पुष्कळदा सर्वसामान्य शाळांतील शिक्षकांतही आढळतो. यंत्र आवाज मोठा करते. तो स्पष्ट करील याची खात्री नसते. अंतर्कर्णात शस्त्रक्रियेने बसविले जाणारे कॉक्लियर इम्प्लांट केंद्राच्या सहायक उपकरण योजनेतून लहान मुलांना मिळू शकते आणि त्या कामाची समन्वयक संस्था वांद्र्याचीच संस्था आहे, तथापि शस्त्रक्रियेनंतर मुलाला ऐकायला शिकवावे लागते आणि ती वर्षानुवर्षांची मेहनत शिक्षक, वाचातज्ज्ञ व आई यांच्या वाट्याला येते.

या प्रशिक्षणाचा गाभा मात्र कानात नसून भाषेत आहे, आणि येथे मराठी शिक्षकापुढचा प्रश्न इंग्रजी ग्रंथांत मांडलेल्या प्रश्नापेक्षा वेगळा होतो. ऐकू येणारे मूल पाच वर्षांचे होईतो ‘मोठा दगड, मोठी काठी, मोठे झाड’ असे बिनचूक बोलू लागते, पण हा लिंगभेद त्याला कोणी समजावून दिलेला नसतो. घरात, अंगणात, ओट्यावर हजारो वेळा कानांवर पडल्यामुळे तो आपसूक रुजलेला असतो. कर्णबधिर मुलाला हे वरवर कानांवर पडणेच मिळत नाही. त्याला दगड, काठी आणि झाड हे शब्द शिकविता येतात, परंतु त्या प्रत्येकाच्या मागे विशेषणाने आणि क्रियापदाने आपले रूप का बदलावे हे वस्तूकडे पाहून कळण्यासारखे नाही. विभक्तीची गोष्ट याहून कठीण आहे. ‘शाळा’ या शब्दाला ‘त’ लागताच त्याचे ‘शाळेत’ होते, ‘घोडा’चे ‘घोड्याला’ होते, म्हणजे प्रत्यय लागण्यापूर्वीच मूळ शब्दाचे सामान्यरूप होते. आणि हे प्रत्यय शब्दाच्या शेवटी, बिनआघाताने, झटकन उच्चारले जात असल्यामुळे यंत्रातूनही ते निसटतात. म्हणूनच कर्णबधिर मुलांच्या वह्यांत ‘आई बाजार जाते’ यासारखी वाक्ये भेटतात, आणि अपुरे प्रशिक्षण घेतलेला शिक्षक त्यांना बुद्धीची उणीव समजतो. ती बुद्धीची उणीव नाही. जे ऐकलेच नाही ते मुलाने लिहिलेले नाही, इतकाच तिचा अर्थ आहे.

ओठवाचन या अडचणीवरचा उपाय म्हणून पुष्कळ काळ सांगितले गेले, त्याच्याही मर्यादा प्रशिक्षणात समजून घ्याव्या लागतात. प, ब आणि म हे तिन्ही वर्ण ओठ मिटून होतात, म्हणून ‘पाय’, ‘बाय’ आणि ‘माय’ हे तीन शब्द पाहणाऱ्याला एकसारखे दिसतात. क, ख, ग तर घशाजवळ उमटत असल्यामुळे जवळजवळ दिसतच नाहीत. संदर्भ माहीत असेल तरच ओठ वाचता येतात आणि संदर्भ माहीत होण्यासाठी आधी भाषा असावी लागते.

परतूरच्या पदवीधराला या शास्त्रात आणखी एक भर स्वतःच घालावी लागते. परतूर तालुका परभणी जिल्ह्यात होता आणि १ मे १९८१ रोजी नवा जालना जिल्हा झाला तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातून आलेल्या तालुक्यांबरोबर त्यात समाविष्ट झाला. त्यामुळे तेथील बोलीचा ओढा परभणीकडे राहिला. आई लेकराला ‘काय करायलास’ असे विचारते, पाठ्यपुस्तक ‘काय करतोस’ म्हणते. ऐकू येणारे लेकरू या दोन रूपांतला संबंध सहज ओळखते. कर्णबधिर लेकराच्या लेखी ती दोन निरनिराळी वाक्ये असतात, त्यांतले एक आईच्या ओठांवर आणि दुसरे कागदावर. भोवतीच्या बंजारा तांड्यांवरून येणाऱ्या मुलांच्या घरी गोरमाटी आणि कित्येक घरांत दखनी उर्दू बोलली जात असल्याने हे अंतर तेथे आणखी वाढते. मुंबईत सराव पाठ घेतलेल्या किंवा सिकंदराबादला तेलुगू भाषक मुलांमध्ये काम केलेल्या शिक्षकाने गावी परतल्यावर प्रथम घरातील बोली नोंदवून घ्यावी आणि आईने घरी वापरलेल्या रूपालाच पहिल्या वर्षांत आधार मानावे, पुस्तकी रूप त्यावर मागाहून बसवावे, हे अधिक शहाणपणाचे ठरेल. अभ्यासक्रमात कुटुंबाचे मानसिक व सामाजिक प्रश्न हा स्वतंत्र विषय आहे. बोलीभेदाचा विचार त्यात हक्काने यायला हवा.

भाषा शिकविण्याच्या ज्या रीती प्रशिक्षणार्थी सराव पाठांत वापरतो त्या धड्यापासून नव्हे तर घटनेपासून निघतात. संभाषण, गोष्ट, नाट्यीकरण, एखादी कृती टप्प्याटप्प्याने करवून घेणे आणि स्थळाला भेट हे त्यांचे मुख्य प्रकार होत. वर्ग रेल्वे स्थानकावर किंवा कापसाच्या जिनिंगवर गेला, तर परतल्यावर मुलांनी खुणांनी, चित्रांनी, तुटक शब्दांनी जे सांगितले ते शिक्षकाने पूर्ण वाक्यांत फळ्यावर उतरवायचे आणि तोच त्या दिवसाचा पाठ समजायचा. नेदरलँड्समधील धर्मगुरू व शिक्षक फान उडेन यांनी याच दिशेने एक पद्धत बांधली, जिच्यात मुलाला काय म्हणायचे आहे हे शिक्षक आईप्रमाणे ओळखतो, ते योग्य भाषेत मुलाच्या तोंडी देतो, आणि मग त्या लिहिलेल्या संभाषणावर मुलांसह पुन्हा विचार करतो. तयार वाक्ये पाठ करून घेण्यापेक्षा ही वाट लांबची आहे, पण पाठ केलेले वाक्य मुलाला प्रसंगी वापरता येत नाही असा शिक्षकांचा जुना अनुभव आहे.

या सर्व विवेचनात मौखिक भाषा गृहीत धरलेली आहे, आणि हेच गृहीतक या प्रशिक्षणातील सर्वांत जुना वाद आहे. १८८० साली मिलान येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने कर्णबधिरांना बोलण्याच्याच मार्गाने शिकवावे असा ठराव केला. भारतातील आरंभीच्या शाळा, म्हणजे मुंबईत बिशप लिओ म्यूरिन यांनी काढलेली शाळा आणि १८९३ ची कलकत्त्याची शाळा, त्यानंतरच्याच काळातल्या आहेत. व्हँकुव्हर येथील २०१० च्या परिषदेने मिलानच्या ठरावांबद्दल खेद व्यक्त केला, तोवर एकशेतीस वर्षे लोटली होती आणि हात बांधून बोलायला लावलेल्या मुलांच्या पिढ्या होऊन गेल्या होत्या. भारतीय सांकेतिक भाषा ही मराठीची किंवा हिंदीची हाताने केलेली नक्कल नाही. तिला स्वतःचे व्याकरण आहे. तिच्यात प्रश्नार्थक खूण सहसा वाक्याच्या शेवटी येते, होय-नाहीचा प्रश्न भुवया उंचावून होतो, आणि कोणी कोणाला काय दिले हे विभक्ती प्रत्ययाऐवजी हाताच्या जागेने व दिशेने दाखविले जाते. जे मराठी मूल ‘ला’ आणि ‘ने’ यांत अडखळते तेच या भाषेत कर्ता आणि कर्म अचूक सांगू शकते, आणि हा पाया असेल तर लेखी मराठी दुसरी भाषा म्हणून त्यावर उभारता येते.

असे असूनही २०१५ च्या बी.एड. अभ्यासक्रमात भारतीय सांकेतिक भाषेला स्थान मिळाले ते कौशल्याधारित ऐच्छिक विषयांपैकी एक म्हणून, अवघ्या दोन श्रेयांकांचे. ही तरतूद अपुरी आहे हे स्पष्टपणे म्हणायला हवे. दोन श्रेयांकांत शब्दसंग्रह होतो, भाषा येत नाही. आणि स्वतःला न येणाऱ्या भाषेत शिक्षक मुलाला अपूर्णांक किंवा पावसाचे चक्र समजावू शकणार नाही. शिवाय वर्षभरानंतर आलेल्या २०१६ च्या अधिनियमाच्या कलम १७ ने सांकेतिक भाषेत पात्र असलेले शिक्षक, दिव्यांग शिक्षकांसह, प्रशिक्षित करून नेमण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. साधने आता उपलब्ध आहेत. वांद्र्याच्या संस्थेत सांकेतिक भाषेचा कक्ष २००१ मध्ये सुरू झाला, दिल्लीत २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले, आणि त्या केंद्राचा शब्दकोश २०१८ मधील ३,००० शब्दांवरून २०२१ मध्ये १०,००० शब्दांवर गेला. उणीव आहे ती कर्णबधिर प्रौढांना प्रशिक्षण महाविद्यालयात शिकविण्याची जागा देण्याची. बहुसंख्य कर्णबधिर मुले ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात, म्हणून अस्खलित सांकेतिक भाषा त्यांना घरात मिळत नाही; ती शाळेत दाखविणारा माणूस कर्णबधिर असेल तर मुलाला भाषेबरोबर आपल्यासारखा मोठा झालेला माणूसही प्रथमच पाहायला मिळतो.

पदवी घेऊन शिक्षक मराठवाड्यात परतला की त्याच्यापुढे दोन प्रकारची कामे असतात. पहिले विशेष शाळेतील शिक्षकाचे. या शाळा महाराष्ट्रात दीर्घकाळ शालेय शिक्षण विभागाखाली नव्हे तर समाजकल्याणाच्या बाजूला राहिल्या आणि डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाल्यावर त्याच्याकडे आल्या. दुसरे काम समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या योजनेतील फिरत्या विशेष शिक्षकाचे, ज्याने गट साधन केंद्रावरून निघून तालुक्यातील सर्वसामान्य शाळांत विखुरलेल्या मुलांना गाठायचे असते. सर्वोच्च न्यायालयातील विशेष शिक्षकांविषयीच्या रजनीश कुमार पांडेय प्रकरणाच्या २०२१ च्या निकालानंतर केंद्राने सप्टेंबर २०२२ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा आणि उच्च प्राथमिक स्तरावर पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण अधिसूचित केले. परंतु कर्णबधिर मुले एका गावात दहा नसतात. जन्मतः श्रवणहानीचे प्रमाण हजारी एक ते तीन इतके मानले जाते, म्हणून एका खेड्यात एकच मूल आणि शिक्षक आठवड्यातून एकदा येणार, अशी स्थिती सहज उद्भवते. त्या एका तासात मुलाला शिकविण्यापेक्षा आईला, आजीला आणि वर्गशिक्षकाला उरलेल्या सहा दिवसांसाठी तयार करणे अधिक फलदायी असते: मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर बसून, उजेडाकडे तोंड करून बोलणे, स्वयंपाक करताना प्रत्येक कृतीला नाव आणि खूण देणे, अंघोळ आणि झोप सोडून श्रवणयंत्र न काढणे. श्रवणहानी पहिल्या महिन्यात तपासावी, तिसऱ्यापर्यंत निदान व्हावे आणि सहाव्यापर्यंत उपाय सुरू व्हावा, असा जगभर मान्य झालेला संकेत आहे. ज्या घरात तो पाळला गेला नाही आणि मूल थेट सहाव्या वर्षी शाळेत आले, तेथे शिक्षकाचा पहिला पाठ पुस्तकातला नसतो, तो प्रत्येक वस्तूला आणि प्रत्येक माणसाला नाव असते हे मुलाच्या ध्यानात आणून देण्याचा असतो, आणि त्याच्या पहिल्या नावांमध्ये त्या मुलाचे स्वतःचे नाव असते.