डिकीतलं पुस्तक

मागच्या पावसाळ्यात पहिल्याच सरीला चौक्याहून मालवणला येताना एका वळणावर मी स्कूटरसकट आडवी झाले. वेग फार नव्हता. चिऱ्यांच्या ट्रकमधून सांडलेली तांबडी माती ओली झाली होती, समोर गुरं आली आणि मी घाबरून मागचा ब्रेक करकचून दाबला. चाक सरकलं. डावं मनगट दीड महिना प्लॅस्टरमध्ये!

मनगटाचं दुःख नव्हतं. आदल्याच दिवशी बचत गटातल्या एका गरोदर मुलीला मागे बसवून मी तपासणीला नेलं होतं. तेच वळण, तीच गाडी. ते आठवलं की रात्री झोप लागेना.

चौदा वर्षं मी गाडी चालवते. शिक्षण काय, तर दिरांनी मागून गाडी धरून शिकवलेल्या दोन संध्याकाळी. भरतकामाच्या क्लासला मी सहा महिने घातले होते! प्लॅस्टरमध्ये हात असताना ठरवलं, आता पुस्तक वाचून नीट शिकायचं. शेजारीण हसली, "वयनी, पुस्तक वाचून कोणाक गाडी इली?"

वाचनालयात पाककृतींपासून प्रवासवर्णनांपर्यंत सगळं होतं, गाडी चालवण्यावर मात्र काही नाही. मुंबईच्या भाच्याने मोठ्या कौतुकाने कीथ कोड या अमेरिकन प्रशिक्षकाचं 'अ ट्विस्ट ऑफ द रिस्ट' पाठवलं. १९८३ सालचं, जगभर गाजलेलं. बी.ए.ला इंग्रजी होतं, डिक्शनरी शेजारी घेऊन बसले. पण ते शर्यतीवाल्यांसाठी! आमच्या रस्त्यात कुत्रं, म्हैस, एसटी आणि नारळ पाडणारा गडी. त्यातली एक गोष्ट मात्र मनात राहिली. माणसाचं लक्ष म्हणजे खिशातले दहा डॉलर. पाच एका ठिकाणी खर्च झाले की उरतात पाचच. माझे तर निम्मे रुपये मागच्या पिशवीतल्या अंड्यांवरच खर्च होतात.

दुसरं, डेव्हिड हफ यांचं 'प्रोफिशियंट मोटरसायकलिंग', रोजच्या रस्त्यासाठीचं. पण चाळीस पानं वाचल्यावर काहीतरी चुकतंय असं वाटायला लागलं. अहो, अमेरिकेत गाड्या उजव्या बाजूने चालतात! वळणाच्या आणि चौकाच्या प्रत्येक आकृतीत त्यांचं डावं ते आपलं उजवं. आरशात बघून वेणी घालण्यासारखं झालं. ब्रिटिश पोलिसांसाठीचं 'मोटरसायकल रोडक्राफ्ट' त्या मानाने बरं, तिथेही आपल्यासारखीच डावी बाजू. मैत्रिणींनो, असं पुस्तक घेताना आधी एखादी आकृती उघडून बघा. आणि नियमांची पुस्तिका घेताना तिचं साल बघा. १९८९चे रस्त्याचे नियम जाऊन २०१७ मध्ये नवे आले, पण जुन्या पुस्तिका अजून कुणाकुणाच्या घरात आहेत.

बाय द वे, बायकांनी लिहिलेलं काही आहे का, म्हणून शोधलं. थेरेसा वॉलॅक १९३४ च्या डिसेंबरात मैत्रिणीबरोबर लंडनहून निघून, सहारा ओलांडून १९३५ मध्ये केपटाउनला मोटरसायकलने पोचली. तिने पुढे अमेरिकेत इतरांना शिकवलं आणि १९७० मध्ये 'ईझी मोटरसायकल रायडिंग' लिहिलं. ते मला मिळालेलं नाही, पण नावानेच धीर आला.

माझ्या चुकीचं उत्तर जवळपास प्रत्येक पुस्तकात होतं. एसटी गचकन थांबली की आपण सगळे पुढे झुकतो, तसा ब्रेक लावला की गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो. ते जमिनीला धरून ठेवतं, मागचं हलकं होऊन घसरतं. म्हणून थांबवण्याचं जास्त काम पुढचा ब्रेक करतो. 'पुढचा दाबलास तर उलटशील,' हे आपल्याला कोणी शिकवलं कोण जाणे! दाबायचा, पण हिसका न देता, हळूहळू आवळत आणि हँडल सरळ असताना. वळणाआधीच वेग कमी करायचा तो यासाठीच.

मग शेवटी उघडली ती गाडीबरोबर आलेली माहितीपुस्तिका. विम्याच्या कागदांखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत होती, न उघडलेली. एकटी असताना हवा किती आणि मागे कोणी बसलं तर किती, हे त्यात वेगवेगळं दिलेलं. मी दोघींच्या वजनाला चौदा वर्षं एकटीचीच हवा भरत होते! तुमची गाडी नवी असेल तर ब्रेकचं पान आवर्जून वाचा. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना निदान जोड-ब्रेक तरी असावा, असा नियम आला. जोड-ब्रेकच्या स्कूटरला डावा दांडा दाबला की दोन्ही चाकांना ब्रेक लागतो. माझ्या जुन्या गाडीला तो नाही. दोन्ही चालवणाऱ्या बाईला हा फरक माहीत हवाच.

गेल्या रविवारी सकाळी बोर्डिंग मैदानात आम्ही आठजणी जमलो, हेल्मेट डोक्यात घालून, आरशाला अडकवून नव्हे. मैदानात करवंट्या मांडल्या. वीसच्या वेगाने यायचं आणि करवंटीपाशी थांबायचं. शेजारीण पहिल्या खेपेला करवंटी चिरडून पार पुढे गेली. सातव्या-आठव्या खेपेला हातभर अलीकडे थांबली. हेल्मेट काढून घाम पुसत म्हणाली, "वयनी, तां पुस्तक माका वाचूक दी बघू."

म्हटलं, "तुझ्याच डिकीत आसा गो."