सॉफ्टवेअर अवलंबित्व आणि लिनक्स वितरणे

एखादा प्रोग्रॅम चालण्यासाठी दुसऱ्या प्रोग्रॅमची किंवा लायब्ररीची गरज असणे, यास सॉफ्टवेअर अवलंबित्व म्हणतात. लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रॅमांना वापरता येणारा तयार कोडचा संग्रह होय. लायब्ररीची कोणती आवृत्ती वापरावी, याबाबत प्रोग्रॅमचे विकासक आणि डेबियनसारखी लिनक्स वितरणे यांच्या भूमिका बऱ्याचदा परस्परविरोधी असतात.

विकासकांची भूमिका

अनेक विकासक प्रत्येक लायब्ररीची नेमकी आवृत्ती ठरवून देतात. जावास्क्रिप्टसाठीच्या एनपीएम या पॅकेज व्यवस्थापकात अशा आवृत्त्या एका ‘लॉक’ फाइलमध्ये नोंदवल्या जातात. ज्या आवृत्त्यांवर चाचणी झाली, त्याच सर्वत्र वापरल्या जाव्यात, हा त्यामागील हेतू असतो.

वितरणांची भूमिका

१९९३ साली सुरू झालेल्या डेबियन प्रकल्पात लायब्ररीची शक्यतो एकच प्रत ठेवली जाते व सर्व प्रोग्रॅम ती सामाईकपणे वापरतात. स्थिर आवृत्ती प्रसिद्ध झाल्यानंतर लायब्ररी सहसा बदलली जात नाही. केवळ सुरक्षाविषयक व अन्य गंभीर दोषांच्या दुरुस्त्या जुन्या आवृत्तीत उतरवल्या जातात. या पद्धतीस ‘बॅकपोर्ट’ म्हणतात.

उदाहरणे

एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या लायब्ररीतील ‘हार्टब्लीड’ हा दोष उघडकीस आला. मूळ प्रकल्पाने १.०.१जी या आवृत्तीत तो दूर केला. डेबियन ७ मध्ये मात्र १.०.१ई हीच आवृत्ती कायम ठेवून तीत दुरुस्ती करण्यात आली. त्यामुळे केवळ मूळ आवृत्तीचा क्रमांक पाहणाऱ्यास दुरुस्त झालेली प्रतही सदोष वाटू शकते. सामाईक लायब्ररी एकदा बदलून संबंधित सेवा पुन्हा सुरू केल्या की तिच्यावर अवलंबून असलेले सर्व प्रोग्रॅम सुरक्षित होत.

डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीतील गंभीर दोष उघडकीस आला, तेव्हा याउलट स्थिती होती. असंख्य प्रोग्रॅमांनी तिची स्वतंत्र प्रत आपल्यातच समाविष्ट केलेली असल्याने प्रत्येक प्रत शोधून बदलावी लागली.

मर्यादा

दोन प्रोग्रॅमांना एकाच लायब्ररीच्या परस्परविसंगत आवृत्त्या लागल्यास सामाईक प्रत पुरेशी ठरत नाही. अशा वेळी वितरणाचे स्वयंसेवक आवृत्तीची अट शिथिल करतात किंवा लायब्ररीच्या दोन आवृत्त्या सांभाळतात. अट शिथिल केल्याने प्रोग्रॅम बिघडल्यास वापरकर्त्याची तक्रार अनेकदा मूळ विकासकाकडे जाते, वास्तविक त्याने त्या जोडणीची चाचणी घेतलेली नसते. फ्लॅटपॅक व स्नॅप या पद्धतींत प्रोग्रॅमसोबतच त्याच्या लायब्ररी देता येतात. तथापि त्या अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी मग पॅकेज तयार करणाऱ्यावर येते.